डॉ. ल्युसी विल्स

इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरानजीक सटन कोल्डफील्ड येथें ता. १० मे १८८८ रोजीं ल्युसी विल्स यांचा जन्म झाला. केंब्रिज येथें त्यांनीं वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचें अध्ययन केलें. पुढें वैद्यकाकडे वळून १९२० सालीं त्या लंडन येथें डॉक्टर झाल्या.

१९२८ सालीं त्या मुंबईस आल्या. आपल्या वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबईच्या गिरण्यांत जात असे, तेथें राबणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणीं पांडुरोगानें ग्रस्त होऊन मृत्युमुखीं पडत. त्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें घटत, पण आकारानें वाजवीपेक्षां मोठ्या होत. कारण कोणासही उमगलें नव्हतें. परळच्या हाफकिन संस्थेंत विल्सबाईंनीं संशोधन आरंभिलें. या स्त्रियांचा आहार निकृष्ट असल्याचें त्यांना आढळलें. तसेंच अन्न उंदरांस व माकडांस देऊन त्यांनीं प्रयोग केले. अखेर यीस्टपासून काढलेला मार्माईट नांवाचा स्वस्त अर्क रुग्ण स्त्रियांस देतांच त्यांची प्रकृति झपाट्यानें सुधारूं लागली. ही वार्ता १९३१ सालीं प्रसिद्ध झाली.

त्या अर्कांत गुणकारी द्रव्य कोणतें? १९४१ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळें केलें. लॅटिन भाषेंतील पान या अर्थाच्या शब्दावरून त्यास फोलिक ॲसिड हें नांव मिळालें. विल्सबाईंना गवसलेला गुण याच द्रव्याचा होता. १९४५ सालापर्यंत आपले देशबंधु यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या अमेरिकेंतील सहकाऱ्यांनीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें.

याचें मर्म असें. प्रत्येक पेशींत डीएनए असतें. साखर, फॉस्फेट आणि ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन व थायमीन हे चार क्षार हे त्याचे घटक होत. थायमीन घडतांना कार्बनाचा एक लहानसा गट जोडावा लागतो. तो पुरविण्याचें काम फोलिक ॲसिडापासून झालेलें द्रव्य करतें. तें न मिळाल्यास डीएनए पुरेसें बनत नाहीं. मग अस्थिमज्जेंतील पेशी वाढतात, परंतु वेळेवर दुभंगत नाहींत. रक्त क्षीण होतें.

ता. १६ एप्रिल १९६४ रोजीं विल्सबाई निवर्तल्या. आज गरोदर मातांस सरकारी दवाखान्यांतून लोह व फोलिक ॲसिड यांच्या गोळ्या मिळतात. पालक, हरभरा, तुरीची डाळ यांतही हें द्रव्य असतें. मात्र भाजी फार शिजविल्यास तें बरेंच नष्ट होतें. विद्यार्थीहो, गरीब मजूर स्त्रियांच्या ताटांत काय आहे, हें या विदुषीनें आस्थेनें पाहिलें. त्यामुळेंच असंख्य मातांचे प्राण वांचले.