ओमोरी आणि तोक्योचा भूकंप

१ सप्टेंबर १९२३ रोजी सिडनीजवळच्या रिव्हरव्ह्यू वेधशाळेत भूकंपलेखकाची सुई जोराने हेलकावू लागली, तेव्हा यंत्रापुढे जपानचे अग्रगण्य भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी उभे होते. विज्ञान परिषदेसाठी ते ऑस्ट्रेलियात आले होते. धक्का त्यांच्याच तोक्यो परिसरातला होता.

ओमोरींचा जन्म १८६८ चा, फुकुईचा. तोक्योत जॉन मिल्न या इंग्रज शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते तयार झाले. १८९१ च्या नोबी भूकंपात सात हजारांवर माणसे दगावली. त्यानंतरचे असंख्य लहान धक्के मोजून, त्यांची वारंवारता काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा नियम त्यांनी १८९४ मध्ये मांडला. किंचित सुधारणेसह तो आजही वापरला जातो. पॅसिफिक महासागराभोवतीच्या अग्निकंकणावर जपान वसलेला असल्याने त्यांना ज्वालामुखीही वर्ज्य नव्हते. १९१० मध्ये उसू पर्वताचे कंप त्यांनी यंत्राने टिपले. १९१४ च्या साकुराजिमा उद्रेकानंतर कागोशिमा उपसागराभोवतीची जमीन खचल्याचेही त्यांनीच नोंदवले.

मात्र त्यांच्या आयुष्यातला खरा पेच वेगळाच होता. त्यांचे सहकारी अकित्सुने इमामुरा यांनी १९०५ मध्ये एका लेखात इशारा दिला, की पन्नास वर्षांच्या आत तोक्योला मोठा भूकंप होईल आणि आगींमुळे लाखभर माणसे मरतील. वृत्तपत्रांनी तो भडक करून छापला आणि शहरात घबराट पसरली. ओमोरींनी हे भाकीत निराधार ठरवले. इमामुरांच्या वाट्याला उपहास आला. घबराट आवरणे गरजेचे होते, हे खरे. पण त्या भरात आगीचा इशाराही बाजूला पडला. १९०६ च्या भूकंपानंतर जळालेले सॅन फ्रान्सिस्को ओमोरींनी स्वतः पाहिले होते, हे इथे विसरता येत नाही.

१९२३ मध्ये दुपारी १२ ला दोन मिनिटे असताना, घराघरांत चुली पेटलेल्या असताना, ७.९ तीव्रतेचा धक्का बसला. सुमारे एक लाख पाच हजार माणसे मेली, बहुतेक आगीत. फिलिपिन्स सागराचा भूपट्ट सागामी उपसागराखाली जपानच्या बुडाशी सरकतो, हे कारण दोघांपैकी कोणालाही तेव्हा ठाऊक असणे शक्य नव्हते. भूपट्टांचा सिद्धान्त यायला अजून चार दशके होती.

मेंदूतील गाठीने खंगलेले ओमोरी ऑक्टोबरात मायदेशी परतले. ८ नोव्हेंबर १९२३ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. विद्यापीठातील त्यांची जागा इमामुरांकडे गेली.