डेलब्रुक यांचा संशय आणि विषाणूंची देवघेव

जीवाणूंनाही विषाणूंची बाधा होते. हे विषाणू, म्हणजेच फाज, एका जीवाणूतील जनुके दुसऱ्यात नेतात आणि जीवाणूंच्या उत्क्रांतीला वळण लावतात. आज पाठ्यपुस्तकांत स्थिरावलेल्या या ज्ञानाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत मॅक्स डेलब्रुक यांचे नाव अग्रभागी आहे. मात्र विषाणूंची ही देवघेव समोर आली, तेव्हा तिच्यावर सर्वांत उशिरा विश्वास ठेवणाऱ्यांतही तेच होते.

४ सप्टेंबर १९०६ रोजी बर्लिनमध्ये जन्मलेल्या डेलब्रुक यांचे वडील हान्स हे इतिहासाचे नामवंत प्राध्यापक. मॅक्स यांनी गटिंगेन येथे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९३२ मध्ये कोपनहेगनला नील्स बोर यांचे व्याख्यान ऐकल्यावर त्यांचे मन जीवशास्त्राकडे वळले. नाझी राजवटीत विद्यापीठात पुढे जाण्याची वाट बंद झाल्याने रॉकफेलर शिष्यवृत्तीवर १९३७ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली. मायदेशी राहिलेल्या कुटुंबाने हिटलरविरोधाची जबर किंमत मोजली. १९४५ मध्ये त्यांचे मेहुणे क्लाऊस बोनहोफर यांची नाझींनी हत्या केली. नाझींच्या तुरुंगातून सुटलेले बंधू युस्टुस त्याच वर्षी सोव्हिएत कैदेत मरण पावले.

कॅलिफोर्नियात एमरी एलिस यांच्याकडे डेलब्रुक यांना फाज भेटला. भौतिकशास्त्रात हायड्रोजनच्या अणूला जे स्थान, ते जीवशास्त्रात या सूक्ष्म घटकाला मिळावे, असे त्यांना वाटले. पुढे इटलीहून आलेल्या साल्वादोर लुरिया यांच्याबरोबर त्यांनी १९४३ मध्ये एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. अनेक नळ्यांत जीवाणू स्वतंत्रपणे वाढवून प्रत्येक नळीतील जीवाणू फाजच्या तोंडी दिले. फाजच्या संपर्कामुळे प्रतिकारशक्ती येत असती, तर वाचणाऱ्यांची संख्या सर्वत्र साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात काही नळ्यांत एकही वाचला नाही, तर काहींत शेकड्यांनी वाचले. प्रतिकार देणारे बदल विषाणू येण्यापूर्वीच आपोआप घडलेले होते. विषाणूने फक्त निवड केली. डार्विनचा नियम जीवाणूंनाही लागू असल्याचा तो भक्कम पुरावा ठरला.

१९४६ मध्ये दोन प्रकारच्या फाजनी एकाच जीवाणूवर हल्ला केल्यास दोघांचे गुण मिसळलेली संतती निपजते, असे डेलब्रुक यांना आढळले. त्यांनी तो उत्परिवर्तनाचा प्रकार मानला. ही जनुकांची अदलाबदल असल्याचे आल्फ्रेड हर्षी यांच्या प्रयोगांतून पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले.

दुसरी चूक अधिक मोठी होती. काही फाज जीवाणूला न मारता त्याच्या आत पिढ्यान्‌पिढ्या दबा धरून राहतात, हे म्हणणे डेलब्रुक यांना मान्य नव्हते. त्यामागे कारणही होते. सर्वांचे निष्कर्ष ताडून पाहता यावेत म्हणून सात ठराविक फाजवरच काम करण्याचा आग्रह त्यांनी १९४४ पासून धरला होता आणि ते सातही जीवाणूला ठार मारणारे होते. शिस्तीने संशोधनाला बळ दिले, पण दृष्टीही अरुंद केली. अखेर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंद्रे ल्वॉफ यांनी १९५० मध्ये एकेका जीवाणूवर सूक्ष्मदर्शकाखाली पाळत ठेवून तो प्रकार सिद्ध केला, तेव्हा डेलब्रुक यांनी माघार घेतली.

त्यानंतर दारे भराभर उघडली. निरुपद्रवी घटसर्पाचा जीवाणू फाजच्या संसर्गाने विषारी बनतो, हे १९५१ मध्ये दिसले. नॉर्टन झिंडर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये फाज एका जीवाणूचे जनुक दुसऱ्याकडे वाहून नेतो, हे दाखवले. पटकीच्या जीवाणूचे विषही फाजकडूनच आले, हे १९९६ मध्ये उघड झाले; ते पाहायला डेलब्रुक नव्हते.

१९६९ चे नोबेल पारितोषिक त्यांना लुरिया आणि हर्षी यांच्यासमवेत मिळाले. तोवर फाज सोडून ते एका बुरशीच्या प्रकाशसंवेदनेवर काम करू लागले होते. मार्च १९८१ मध्ये पॅसाडेना येथे त्यांचे निधन झाले. संशय हे त्यांचे सर्वांत मोठे हत्यार होते. ते कधी आपल्याच वाटेत आडवे आले, पण पुरावा समोर येताच खाली ठेवण्याचा मोठेपणाही त्यांच्यापाशी होता.