दार उघडणारा अर्ज

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र मला सर्वांत मोलाची वाटते. ती म्हणजे त्यांना मिळालेला प्रवेश.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी त्यांचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांतच तो गेला. आपल्या बायका पुरुष डॉक्टरांना दुखणे सांगत नाहीत, मग त्यांनी जावे कोणाकडे? या प्रश्नातून डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला. ख्रिस्ती व्हाल तर मदत करू, असे मिशनरी म्हणाले. ती अट त्यांनी मानली नाही. एप्रिल १८८३ मध्ये पतीला मागे ठेवून त्या बोटीत बसल्या. अमेरिकेत कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे अर्ज करताना त्यांनी काही लपवले नाही. आपण प्रवेशाच्या सर्व अटींत बसत नाही, तरी आपली परिस्थिती वेगळी आहे हे ध्यानात घ्यावे, असे त्यांनी कळवले. कशासाठी शिकायचे आहे तेही लिहिले. कॉलेजने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. डीन रॅचेल बॉडली यांनी त्यांना मायेने सांभाळले.

मुलींना इतरत्र दारे बंद होती म्हणून १८५० मध्ये हे कॉलेज निघाले होते. कृष्णवर्णीय रेबेका कोल तेथूनच १८६७ मध्ये डॉक्टर झाल्या. आदिवासी ओमाहा जमातीच्या सुझान ला फ्लेश १८८९ मध्ये झाल्या आणि आपल्याच लोकांची सेवा करायला परत गेल्या.

सवलत दारात होती, परीक्षेत नव्हती. आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला, परीक्षा दिल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. पदवी घेतली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आनंदीबाईंच्या जातीत निदान पुरुषांना तरी विद्या होती. आमच्याकडे ती कोणालाच नव्हती. म्हणून अर्जातले रकाने भरताना माणूस किती आक्रसतो, हे मला ठाऊक आहे. आज वैद्यकीय प्रवेश 'नीट'चे गुण आणि आरक्षण यांवर ठरतो. आरक्षणाने अनेकांना दार उघडले, हे खरेच. पण शिकून कोणाकडे परत जाणार, हे लिहायला त्या अर्जात जागा नाही.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाचे काम आनंदीबाईंकडे येणार होते. पण क्षयाने पोखरलेले शरीर साथ देईना. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हते. कोल्हापूरच्या बायकांना त्यांची डॉक्टर भेटलीच नाही. परंतु मराठी मुलगी डॉक्टर होऊ शकते की नाही, हा प्रश्न मात्र त्यांच्यानंतर उरला नाही.