कोटाच्या बटणांमधून

१९३८ सालचा हिवाळा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पस्तिशीचा एक गृहस्थ जाड कोट घालून बसला आहे. समोरच्या बाकावर दमलेली माणसं. कोटाच्या दोन बटणांमधून कॅमेऱ्याचं भिंग डोकावतंय. चमक दिसू नये म्हणून कॅमेऱ्याला काळा रंग फासलाय. बाहीतून हातापर्यंत आलेली वायर दाबली की छायाचित्र निघतं. समोरच्याला पत्ताही लागत नाही.

हा वॉकर इव्हान्स. जन्म १९०३ चा, अमेरिकेतल्या सेंट लुईसचा. लेखक होण्याच्या ओढीनं तो पॅरिसला गेला आणि वर्षभरात परतला. वॉल स्ट्रीटवरच्या एका पेढीत रात्रपाळीची कारकुनी करत असताना त्याला कॅमेऱ्याचं वेड लागलं. १९३६ साली त्यानं अलाबामातल्या कापूस पिकवणाऱ्या गरीब कुळांचे चेहरे टिपले. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं प्रदर्शन भरलं. एवढं नाव झाल्यावर हा माणूस भुयारात शिरला!

कारण फोटोसाठी सजलेला चेहरा त्याला नको होता. गाडीच्या खडखडाटात, अपुऱ्या उजेडात, नेम न धरता त्यानं १९४१ पर्यंत सहाशेच्या वर छायाचित्रं काढली. कधी सोबतीला छायाचित्रकार मैत्रीण हेलन लेव्हिट असे.

वसई रोड ते चर्चगेट अशी बँकेची नोकरी मी वर्षानुवर्षं केली. त्यामुळे हे चेहरे मला परके वाटत नाहीत. घरचा मुखवटा घरी, ऑफिसचा ऑफिसात. मधल्या तासाभरात माणूस फक्त स्वतःचा असतो.

तोच तास इव्हान्सनं न विचारता उचलला. चोरी ती चोरीच. पण त्याची टोचणी त्याला होती. म्हणून ही छायाचित्रं त्यानं जवळजवळ पंचवीस वर्षं पुस्तकरूपानं बाहेर येऊ दिली नाहीत. १९६६ साली त्यांतली ८९ ‘मेनी आर कॉल्ड’ या पुस्तकात आली, तोवर त्या प्रवाशांपैकी कितीतरी म्हातारे झाले असतील, काही गेलेही असतील. १९७५ मध्ये इव्हान्सही गेला.

आज लोकलमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसाचा फोटो बोरिवली यायच्या आत मोबाइलवरून शेकडो लोकांपर्यंत पोचतो आणि त्यावर हसून होतं. चोरून पाहणारा डोळा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. पंचवीस वर्षं थांबायला लावणारी ती टोचणी मात्र त्यासोबत मिळत नाही.