स्थूल मुलांची बाजू मांडणारे जाँ मेयर

लठ्ठ मूल दिसले की सगळ्यांची नजर आधी त्याच्या ताटाकडे जाते. ‘खादाड’ असा शिक्का बसायलाही वेळ लागत नाही. ते दिवसभरात हलते किती, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. हा प्रश्न सुमारे सत्तर वर्षांपूर्वी संशोधनाच्या ऐरणीवर आणला तो जाँ मेयर यांनी.

मेयर यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील आंद्रे मेयर हे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात जाँ फ्रेंच तोफखान्यात अधिकारी होते. जर्मनांच्या कैदेतून ते निसटले आणि जनरल द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रेंच सेनेत दाखल झाले. युद्धानंतर त्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठातून १९४८ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि १९५० पासून हार्वर्डमध्ये अध्यापन व संशोधन सुरू केले.

व्यायामाने भूक वाढते, मग वजन कसे उतरणार, असा त्या काळी अनेक डॉक्टरांचाही समज होता. मेयर यांनी तो उंदरांवर तपासला. रोज थोडा वेळ पळवलेले उंदीर नुसत्या बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त खात नव्हते, उलट किंचित कमीच खात होते. पुढे पश्चिम बंगालमधील एका ज्यूट गिरणीतील दोनशेहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला. तिथेही तेच चित्र दिसले. कष्टाची कामे करणाऱ्यांचा आहार कामाच्या प्रमाणात होता. पण अगदी बैठे काम करणाऱ्यांचा आहार त्या प्रमाणात कमी नव्हता, आणि वजन त्यांचेच अधिक होते. हालचाल फारच कमी झाली की भुकेचा लगाम सुटतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मग ते मुलांकडे वळले. १९५६ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी शाळकरी मुलींची तुलना केली. स्थूल मुलींच्या आहाराच्या नोंदी इतर मुलींपेक्षा जास्त नव्हत्या. हालचाल मात्र बरीच कमी होती. १९६४ मध्ये उन्हाळी शिबिरांत पोहणे, टेनिस व व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींचे ठरावीक अंतराने चित्रीकरण केले गेले. दोन्ही गटांतील मुली मैदानात होत्याच. पण स्थूल मुली त्यातला बराच वेळ जवळपास स्थिर होत्या.

इथे एक सावधगिरी हवी. स्थूल व्यक्ती आपला आहार अनेकदा कमी सांगतात, हे पुढील काळातील मोजमापांनी दाखवले आहे. त्यामुळे ताट निर्दोष ठरत नाही. वजन कमी करण्यात आहाराचा वाटा मोठाच असतो. पण हालचालीचा मुद्दा आजही टिकून आहे.

मेयर यांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम वेगळेच आहे. स्थूल किशोरी स्वतःला समाजाने दूर लोटलेल्या अल्पसंख्याकांसारखे मानू लागतात, हे त्यांच्या गटाने १९६३ मध्ये मांडले. तीन वर्षांनी त्यांनी दाखवले की, गुणवत्ता सारखी असूनही नामांकित महाविद्यालयांत स्थूल मुलींना प्रवेश कमी मिळतो. लठ्ठपणा हा चारित्र्याचा दोष नाही, हे सांगायला त्यांनी आकडे वापरले.

१९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी बोलावलेल्या अन्न, पोषण व आरोग्य परिषदेची सूत्रे मेयर यांच्याकडे होती. त्यानंतर गरीब मुलांच्या शालेय भोजनाला बळ मिळाले. कुपोषण आणि लठ्ठपणा हे दोन्ही त्यांना एकाच प्रश्नाचे भाग वाटत. ते वृत्तपत्रांतून आहारावर स्तंभही लिहीत. १९७६ पासून १९९२ पर्यंत ते टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष होते. १ जानेवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत पालक लठ्ठ मुलाला आणतात ते बहुधा थायरॉइडच्या तपासणीसाठी. क्वचित तिथे दोष सापडतो. बहुतेक वेळा शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत दिवस संपलेला असतो. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पीटीच्या तासाला नुसते रांगेत उभे राहणे त्यात धरता येत नाही. तेव्हा ताटावर नजर जरूर ठेवा, पण मुलाला चारचौघांत जाड्या म्हणू नका. संध्याकाळी त्याच्याबरोबर खाली उतरा आणि त्याला पळू द्या.