र. धों. कर्वे आणि संसर्ग रोखणारे सर्वात जुने ‘वेअरेबल’

‘वेअरेबल’ म्हटले की आपल्याला मनगटावरचे घड्याळ आठवते. मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी-माण पट्ट्यात तर निम्म्या मनगटांवर नाडी मोजणारा पट्टा दिसतो. पण अंगावर चढवून संसर्ग अडवायचा, ही कल्पना फार जुनी आहे. इटलीतील शरीररचनातज्ज्ञ फालोपियो यांनी सोळाव्या शतकात सिफिलिसपासून बचावासाठी औषधात भिजवून वाळवलेल्या तागाच्या कापडी आवरणाचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकात रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया सापडली आणि रबरी कंडोम आला, 1920 च्या दशकात पातळ लॅटेक्सचा. वस्तू तयार होती. महाराष्ट्रात ती लोकांच्या हाती देण्याचे आणि तिच्याबद्दल मराठीत मोकळेपणाने लिहिण्याचे काम रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले.

रघुनाथरावांचा जन्म 14 जानेवारी 1882 चा, कोकणातल्या मुरूडचा. वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. आई राधाबाई 1891 मध्ये बाळंतपणात गेल्या, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्यांच्या पुढच्या कामाचे मूळ या घटनेत शोधले जाते, आणि डॉक्टर म्हणून मला ते पटते. घरातली बाई बाळंतपणात जाणे ही त्या काळी नशिबाची गोष्ट मानली जाई; या मुलाने पुढे ती टाळता येण्याजोगी गोष्ट मानली. मॅट्रिकला तो पहिला आला, फर्ग्युसन कॉलेजात शिकला आणि गणिताचा प्राध्यापक झाला. पुढील अभ्यासासाठी पॅरिसलाही गेला.

1921 साली मुळशीत धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह पेटला होता. त्याच वर्षी रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमधले मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे. सत्याग्रहाला लोकांची सहानुभूती होती. कर्व्यांच्या केंद्राच्या वाट्याला बहुतेक टवाळीच आली. मुलांची संख्या ठरवणे बाईच्या हाती असावे, असे हे जोडपे म्हणत होते. स्वतःला मूल होऊ न देण्याचा निर्णयही त्यांनी विचारपूर्वक घेतला होता.

त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक बऱ्याच जणांना ठाऊक असते. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे दुसरे पुस्तक मात्र विस्मरणात गेले, आणि आपल्या विषयाशी त्याचाच थेट संबंध आहे. 1920 च्या दशकातली परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. पेनिसिलिनचा शोधच 1928 चा, आणि सिफिलिसवर ते वापरात आले 1943 पासून. त्याआधी आर्सेनिकयुक्त इंजेक्शने होती. ती महिनोन्महिने घ्यावी लागत आणि त्यांचा त्रासही मोठा असे. परम्यावर, म्हणजे गनोरियावर, भरवशाचा इलाजच नव्हता. नवऱ्याने बाहेरून आणलेला परमा बायकोच्या गर्भनलिका बंद करी आणि वांझपणाचा ठपका तिच्यावर येई. प्रसूतीच्या वेळी हेच जंतू बाळाच्या डोळ्यांत गेले तर दृष्टी जाई. सिफिलिसमुळे गर्भ दगावत. जिथे औषध नाही तिथे अडथळा हाच उपाय उरतो. हे साधे गणित गणिताच्या प्राध्यापकाला दिसले. वैद्यकीय पदवीधारकांपैकी फार थोडे जण ते उघडपणे मांडत होते.

किंमत लगेच चुकवावी लागली. विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचे. 1925 मध्ये त्यांना तिथली नोकरी सोडावी लागली. स्थिर पगार गेला, संसाराचा भार बराचसा मालतीबाईंनी उचलला. गांधीजींसह अनेक मोठी माणसे संयमाचाच मार्ग सांगत होती आणि कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध होता. रघुनाथरावांना संयमावर विसंबणे व्यवहार्य वाटत नव्हते. रोगप्रतिबंधाचा अनुभव त्यांच्याच बाजूने आहे, असे मी म्हणेन. सगळ्यांनी सदासर्वकाळ शहाण्यासारखे वागावे, या गृहीतकावर कोणतीही साथ आटोक्यात येत नाही.

जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. त्यात वाचकांचे प्रश्न आणि त्यांना थेट उत्तरे असत: हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, गुप्तरोग, गर्भनिरोधन. हाच मजकूर अश्लील ठरला. 1931 च्या खटल्यात दंड झाला. 1934 मध्ये पुन्हा खटला झाला आणि या वेळी बचावाला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक शंका विचारत असतील आणि उत्तर प्रामाणिकपणे दिले असेल तर तो गुन्हा कसा, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. खटला हरले, पुन्हा दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही. आज आरोग्यविषयक संकेतस्थळांवर जे प्रश्न नाव न सांगता विचारले जातात, त्यांत आणि त्या पत्रांत मला फारसा फरक दिसत नाही.

त्या वेळच्या पत्रलेखकांच्या शंका आजही दवाखान्यात कानावर येतात, म्हणून थोडे वैद्यकीय. योग्य रीतीने आणि प्रत्येक वेळी वापरलेला कंडोम एचआयव्ही, परमा आणि क्लॅमिडिया यांपासून चांगले संरक्षण देतो. नागीण वर्गातील जननेंद्रियाचा हर्पिस, एचपीव्ही आणि सिफिलिस हे झाकल्या न गेलेल्या त्वचेच्या स्पर्शातूनही पसरतात; तिथे धोका कमी होतो, संपत नाही. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास लॅटेक्स कमकुवत होऊन फाटते, त्यामुळे पाण्यावर आधारित वंगणच वापरावे. पाकिटात महिनोन्महिने ठेवलेला, उन्हात तापलेला किंवा मुदत उलटलेला कंडोम वापरू नका. एकावर एक दोन चढवू नका. जखम, स्राव, लघवीला जळजळ असे काही असेल तर दोन्ही जोडीदारांनी तपासणी करून घ्यावी. एकट्याने उपचार घेतल्यास संसर्ग परत येतो. गर्भनिरोधक गोळ्या किंवा तांबी गर्भ रोखतात, जंतू रोखत नाहीत, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. परम्याचे जंतू आता बऱ्याच प्रतिजैविकांना दाद देत नाहीत, तेव्हा दुकानातून स्वतःच औषध आणून घेणे टाळा.

1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. रघुनाथराव 14 ऑक्टोबर 1953 रोजी गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबर 1953 चा. वडील धोंडो केशव त्यांच्यानंतर आणखी नऊ वर्षे जगले. शंभरी ओलांडली, भारतरत्न मिळाले. मुलाला कसलाच सरकारी मान मिळाला नाही. 1968 मध्ये सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला, तीन नग पंधरा पैशांना. तो किराणा दुकानातही मिळू लागला.