मौलाना गुलाम अली आझाद बिलग्रामी (रह.) : विनोदातही सत्य जपणारे आलिम

वाचकहो, आलिम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक गंभीर चेहरा उभा राहतो. हसण्याने इल्मची प्रतिष्ठा उणावते, असा एक समज आपल्या समाजात रूढ झाला आहे. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः आपल्या सोबत्यांशी विनोद करीत असत. स्वारीसाठी उंट मागायला आलेल्या एका माणसाला त्यांनी उंटिणीचे पिल्लू देऊ केले. पिल्लावर बसायचे कसे, या विचाराने तो गोंधळला. तेव्हा प्रत्येक उंट हा कोणत्या ना कोणत्या उंटिणीचे पिल्लूच असतो, हे त्यांनी त्याच्या ध्यानात आणून दिले. यात विनोद होता. असत्य नव्हते आणि कोणाचा अपमानही नव्हता.

हीच रीत अठराव्या शतकात आपल्या शेजारच्या औरंगाबादेत एका थोर विद्वानाने जपली. त्यांचे नाव मीर गुलाम अली. ‘आझाद’ हे त्यांचे काव्यनाम.

त्यांचा जन्म १७०४ साली अवधमधील बिलग्राम येथे एका सय्यद घराण्यात झाला. आजोबा (आईचे वडील) मीर अब्दुल जलील बिलग्रामी हे नामांकित विद्वान होते. त्यांच्याकडे आझाद भाषा आणि हदीस शिकले. पुढे सिंधमधील सेहवान येथे काही वर्षे त्यांनी आपल्या मामांच्या जागी सरकारी काम पाहिले. मन मात्र हरमैनकडे ओढ घेत होते. घरचे लोक अडवतील म्हणून १७३७ मध्ये कोणालाही न सांगता ते पायीच हजला निघाले.

माळव्यात त्यांची गाठ निजामुल्मुल्क आसफजाह यांच्या लष्कराशी पडली. वऱ्हाडच्या वाचकांना हे नाव परके नाही. अकोला जिल्ह्यातील बाळापूरजवळ १७२० साली आलम अली खानाचा पराभव करणारे हेच ते आसफजाह. प्रवासखर्चासाठी आझाद यांनी त्यांना चार ओळींचे एक काव्य ऐकवले. परंपरेनुसार आसफ हे हजरत सुलैमान (अ.) यांच्या वजिराचे नाव; सबाच्या राणीचे सिंहासन त्यांनी आणवले, असे सांगतात. हा धागा पकडून आझाद यांनी सुचवले, की त्या आसफने सिंहासन सुलैमानांच्या दरबारी पोहोचवले, तर या आसफने प्रेषितांच्या एका वंशजाला काबाच्या दारी पोहोचवावे. मागणी पोहोचली आणि लाचारीचा एक शब्दही उच्चारावा लागला नाही. प्रवासाची तरतूद झाली. धनवंताला उद्देशून आपण आयुष्यात एवढेच काव्य रचले, असे आझाद यांनी नोंदवून ठेवले आहे.

मदिनेत त्यांनी शेख मुहम्मद हयात सिंधी यांच्याकडे सहीह बुखारीचे अध्ययन केले. मक्केत शेख अब्दुल वह्हाब तंतावी यांच्या सहवासात ते राहिले. आझाद या काव्यनामाचा अर्थ मुक्त, हे कळल्यावर शेख प्रसन्न झाले आणि म्हणाले, की मग तुम्ही अल्लाहने मुक्त केलेल्या दासांपैकी आहात. शब्दावरचा साधा खेळ, पण ऐकणाऱ्याला तो आयुष्यभराची दुआ वाटला. परतीच्या वर्षासाठी आझाद यांनीही असाच एक खेळ साधला. ‘सफर बखैर’ म्हणजे प्रवास सुखरूप. या शब्दांतील अरबी अक्षरांची अबजद मूल्ये मिळवली की ११५२ हे हिजरी वर्ष येते.

परतल्यावर ते औरंगाबादेत बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात, म्हणजे आजच्या पाणचक्कीच्या परिसरात, सात वर्षे राहिले. आसफजाहांचे पुत्र नासिरजंग त्यांचे चाहते होते. १७४८ मध्ये नासिरजंग गादीवर आले, तेव्हा मित्रांनी आझाद यांना मोठा हुद्दा स्वीकारण्याचा आग्रह केला. त्यांनी हसत कुरआनमधील तालूतच्या नदीचा दाखला दिला. तालूतच्या सैन्याला त्या नदीचे ओंजळभर पाणी पिण्याची मुभा होती, अधिक नाही. जगही तसेच आहे, असे सांगून त्यांनी हुद्दा नाकारला. सत्तेची मैत्री त्यांनी ठेवली, पण सत्तेची नोकरी घेतली नाही. त्यांचे आझाद हे नाव इथे खरे ठरले.

या मुक्तपणाचा उपयोग पुढे एका मित्राला झाला. निजामांचे दिवाण शाहनवाज खान यांची १७५८ मध्ये हत्या झाली आणि घर लुटले गेले. मुघल अमीरांच्या चरित्रांचा त्यांचा ‘मआसिरुल उमरा’ हा ग्रंथ त्या धामधुमीत गहाळ झाला. आझाद यांनी सुमारे वर्षभर शोध घेऊन विखुरलेली पाने मिळवली, लावली, प्रस्तावना आणि मित्राचे चरित्र लिहून ग्रंथ वाचवला. मारल्या गेलेल्या दिवाणाशी मैत्री सांगण्यात तेव्हा कसलाही लाभ नव्हता.

त्यांचे स्वतःचे लेखनही विपुल आहे. ‘सुब्हतुल मरजान’ या अरबी ग्रंथात त्यांनी तफसीर व हदीसमधील हिंदुस्थानचे उल्लेख एकत्र केले, येथील आलिमांची चरित्रे लिहिली आणि भारतीय काव्यशास्त्रातील अलंकार अरबी वाचकांपुढे मांडले. बाळापूरच्या नक्शबंदी घराण्यातील मीर कमरुद्दीन औरंगाबादी हे त्यांचे स्नेही. त्यांची आठवणही या लेखणीने जपली. प्रेषितांच्या स्तुतिपर अरबी काव्यामुळे आझाद यांना ‘हस्सानुल हिंद’ म्हणतात. १७८६ मध्ये त्यांचे निधन झाले. खुलदाबाद येथे कवी अमीर हसन सिज्झी यांच्या कबरीजवळ ते विसावले आहेत.

वाचकहो, आज विनोद आपल्या हातातल्या मोबाइलवर दिवसभर येत असतो. त्यातला बराचसा कोणाच्या जातीवर, रूपावर किंवा गरिबीवर हसतो, आणि तो पुढे पाठवताना आपण क्षणभरही थांबत नाही. आझाद यांच्या विनोदात कोणी दुखावले गेले नाही. उलट त्याच्या बळावर त्यांना न झुकता मागता आले आणि न दुखवता नाकारता आले. पुढच्या वेळी हसण्याची गोष्ट सांगताना ती खरी आहे काय आणि ज्याच्याविषयी आहे तोही ऐकून हसेल काय, एवढे दोन प्रश्न स्वतःला विचारा. अकोला-अमरावतीहून खुलदाबादला जाण्याचा योग आला, तर या आलिमाच्या कबरीपाशीही फातिहा पढा. अल्लाह त्यांच्यावर रहमत करो. आमीन.